ट्रँटरबाई आणि हॅलमच्या बागेतली वाट

ट्रँटरबाईंना आपण ओळखत होतो, असं म्हणायला सिरिल ऑकलीची जीभ रेटत नाही. ओळखत होतो म्हणजे तरी काय? त्यांच्या घराचा दरवाजा हिरवा होता, एवढं त्याला ठाऊक. त्या दरवाज्याच्या आत तो कधी गेला नाही. त्यांच्या नवऱ्याचं नाव लेन होतं, हे त्याला कळलं ते बाईंच्या अंत्यविधीला, पाद्रीबाबांच्या तोंडून. मूलबाळ होतं की नव्हतं, हे विचारायचं सुरुवातीला राहून गेलं, आणि मग इतकी वर्षं उलटली की विचारणं बरं दिसेना.

त्याला ठाऊक होत्या त्या नदीकाठच्या ट्रँटरबाई. पुलाजवळच्या जुन्या जकातघरापासून ते खालच्या बंधाऱ्यापर्यंतच्या. नदीकडे पाठ करून बाजाराकडे वळल्या की त्या त्याला परक्या. एकदा मासळीवाल्याच्या दुकानात दोघं अचानक समोरासमोर आले तेव्हा दोघंही असे गांगरले, की जणू एकमेकांना आंघोळ करताना पाहिलं. हवेबद्दल काहीतरी पुटपुटून दोघं दोन दारांनी बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या बाकावर भेटले तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आर्लबरी हे गाव तसं सेव्हर्न नदीच्या जिवावरच उभं आहे. जकातघर, दगडी पूल, 'थ्री सॅमन' पबची पुराच्या रेषा मिरवणारी भिंत, बँडचा चौथरा, सेंट ऑस्विनचं चर्च, नावेच्या पायऱ्या, हॅलमची माल्टकोठी आणि शेवटी बंधारा. पाण्याच्या कडेने चालत गेलं की एकामागून एक सगळं येतं. आणि दर शनिवारी सकाळी या वाटेवरून पाहुण्यांना फिरवून आणायचं काम ट्रँटरबाईंकडे होतं. ते त्यांना कोणी दिलं, हेही सिरिलला ठाऊक नाही. कोणी दिलं नसावंच. सारा जन्म त्यांनी बेकरीच्या गल्ल्यामागे बन विकण्यात घालवला होता. निवृत्त झाल्या तशी बोलायला गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून त्या एके दिवशी छत्री उंच धरून जकातघराखाली उभ्या राहिल्या, आणि लोक मागे आले.

सिरिलची जागा रांगेच्या शेपटाला. कोणी मागे राहू नये, म्हाताऱ्या माणसाने पायरी चुकू नये, एवढंच त्याने बघायचं. त्याने हे कबूल केलं ते त्यात बोलायचं नव्हतं म्हणून. तो जलखात्यात होता, नदीच्या पाण्याची उंची मोजायला. नोकरीभर तो माणसांपेक्षा पाण्यात रोवलेल्या खांबाकडेच जास्त बघत आला होता.

ट्रँटरबाईंची फेरी म्हणजे एक प्रकरण होतं. थ्री सॅमन पबच्या वरच्या मजल्यावर एक तिरकी खिडकी आहे. तिच्याखाली त्या थांबत आणि छत्रीचं टोक वर करून सांगत, "या खोलीत राजा चार्ल्स एक रात्र लपून होता बरं. भटारखान्यातल्या पोरीचा झगा घालून पळाला. झगा आखूड पडला त्याला."

पुढच्या शनिवारी त्याच खिडकीत राजा रिचर्ड असे.

"मागच्या आठवड्यात चार्ल्स होता," सिरिल एकदा बाकावर बसल्यावर हळूच म्हणाला.

"त्याने खोली सोडली," ट्रँटरबाई थर्मासचं झाकण उघडत म्हणाल्या. "पब आहे तो सिरिल, एकालाच किती दिवस ठेवतील?"

चर्चच्या भिंतीतून एक साधू रडल्याचा आवाज येई, तो पश्चिमेचा वारा असला की. बँडच्या चौथऱ्याखाली खजिना होता, पण तो नगरपालिकेने आधीच काढून खाल्ला होता. नावेच्या पायऱ्यांवर एका नावाड्याने आपल्या सासूला हात दिला आणि मग मुद्दाम सोडला. पाहुणे हसत, फोटो काढत, आणि शेवटी बेकरीत जाऊन बन घेत. पाहुण्यांतल्या कोणी शंका काढलीच, तर बाई डोळे बारीक करून विचारत, "तुम्ही होतात का तिथे?" त्यावर कोण काय बोलणार?

पण फेरीतला सगळ्यात गंभीर भाग यायचा तो माल्टकोठीपाशी. पूर्वी तिथे बिअरसाठी बार्ली भिजवून मोड आणत. पुढे ती हॅलम घराण्याचं राहतं घर झाली. नदीची वाट तिथे थेट हॅलमांच्या बागेतून जाते, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जिरेनियमच्या कुंड्या आणि स्वयंपाकघराची खिडकी. बागेच्या तोंडाशी ट्रँटरबाई थांबत, आवाज खाली आणत आणि म्हणत, "इथून पुढे आपण हॅलम कुटुंबाच्या परवानगीने जातो आहोत. पुरुषांनी टोप्या काढाव्यात." माणसं मुकाट्याने टोप्या काढत. खिडकीत म्हातारे हॅलम बसलेले असत. ट्रँटरबाई मान लववत. हॅलम हात वर करत. कधी हातात चहाचा कप असला तर कप वर होई. मग सगळे पाय न वाजवता बागेतून पार होत, चर्चमध्ये चालल्यासारखे.

म्हातारे हॅलम वारले आणि हे सगळं बदललं.

त्यांच्या पुतण्याने घर विकलं. लंडनहून पेनरोज नावाचं जोडपं राहायला आलं. माणसं वाईट नव्हती, हे सिरिल आजही सांगेल. पण स्वयंपाकघरात अंडं उकडत उभं असताना खिडकीतून वीस अनोळखी माणसांनी टोप्या काढून आपल्याला बघावं, हे मिसेस पेनरोजना पहिल्या शनिवारी सहन झालं, दुसऱ्या शनिवारी झालं नाही. तिसऱ्या शनिवारी बागेच्या तोंडाशी फाटक होतं आणि फाटकाला कुलूप.

आता बंधाऱ्याकडे जायचं तर टॅनर्स लेनचा चढ चढायचा, वर मोठ्या रस्त्याला लागायचं, लॉऱ्यांच्या धुरातून पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि मग पलीकडून उतरायचं. तरुण पायांना ते काही फार नव्हतं. ट्रँटरबाईंच्या उजव्या गुडघ्याला मात्र तो चढ म्हणजे हिमालय. एकदा त्यांनी करून पाहिलं. अर्ध्यावर कोणाच्या तरी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, सिरिलने हात पुढे केला तो घेतला नाही, आणि म्हणाल्या, "उतरू या." खाली येऊन फाटकापाशी थांबल्या. पलीकडे वाट दिसत होती, बंधाऱ्याचा आवाज येत होता. शनिवारची फेरी त्या दिवसापासून फाटकाशी संपू लागली, आणि त्यांचं रोजचं एकटीचं चालणंही.

गावाने वाटेसाठी भांडायचं ठरवलं. वाटा-राखणाऱ्या मंडळाच्या चिटणीस ग्वेन लॅथम या पूर्वी शाळेत शिकवत. त्यांनी चर्चच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. लोक एखाद्या वाटेवरून वीस वर्षं उघडपणे चालत आले असतील तर ती वाट सगळ्यांची होते. मालक कोणीही असो. फक्त एक अट: ते कोणाला विचारून चालत आलेले नसावेत. परवानगी घेऊन चाललात, तर ती मालकाची मेहेरबानी झाली. आणि मेहेरबानी केव्हाही मागे घेता येते.

"म्हणजे ज्याने विचारलं तो हरला?" खाटीक स्टोक्स म्हणाला.

"अगदी तसंच."

सभागृहात कुजबुज झाली. हे गाव असं, की अंधारात खुर्चीला धक्का लागला तर माणूस खुर्चीची माफी मागतो. इथे दुकानात सुट्टे पैसे मागतानाही तीनदा 'तुमची हरकत नसेल तर' म्हणतात. आणि आता सांगताहेत, की वीस वर्षं उद्धटपणे चाललेला माणूस पाहिजे.

"मी कधीच विचारलं नाही," स्टोक्स उभा राहून म्हणाला.

"तू कधी कोणाला विचारलंस?" मागून त्याची बायको म्हणाली. "लग्नाचंसुद्धा माझ्या आईनेच विचारलं."

मग एकेक जण उठून आपण कसे न विचारता चालत आलो ते सांगू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच उद्धटपणाचं कौतुक होत होतं आणि लोकांना त्याची गोडी लागली होती. सिरिलने मागे वळून पाहिलं. ट्रँटरबाई शेवटच्या ओळीत होत्या. त्यांच्या मांडीवर छत्री आडवी होती आणि त्यांचे दोन्ही हात तिच्यावर घट्ट होते.

वाटेचा निकाल लावणाऱ्या सरकारी चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं बाकावर बसले होते. नदीला पाणी बरंच होतं, तपकिरी. ट्रँटरबाईंनी आल्याची बिस्किटं काढली आणि स्वतः एकही घेतलं नाही, तेव्हाच सिरिलला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"सिरिल, मी दर शनिवारी काय म्हणायचे, आठवतंय ना तुम्हाला?"

"कुठे?"

"सोंग घेऊ नका. बागेपाशी."

"परवानगीने," सिरिल म्हणाला.

"हं. परवानगीने." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं, इतक्या लोकांसमोर. पेनरोजांच्या वकीलबाईला कोणी ना कोणी सांगितलंच असणार. उद्या ती मला विचारणार, आणि मी हो म्हटलं की वाट गेली."

सिरिल म्हणाला, "तुम्ही विचारलं होतंत का हॅलमना?"

"छे हो."

"कधीच नाही?"

"कशाला विचारू? वाट होती, चालत होते."

"मग ते परवानगीचं?"

"बरं दिसतं म्हणून," त्या चिडून म्हणाल्या. "माणसाच्या बागेतून वीस जण न्यायचे आणि त्याचं साधं नावही घ्यायचं नाही? माझी आई थडग्यातून उठून आली असती. आणि ऐकायला छान वाटायचं. लोक टोप्या काढायचे, बघितलंत ना तुम्ही?"

"म्हणजे ते खरं नव्हतं."

"राजा जितका खरा तितकंच."

"मग तेच सांगा उद्या."

ट्रँटरबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने त्यांना नदीत उडी मारायला सांगितलं. "अख्ख्या गावासमोर? की मॉड ट्रँटर मनचं रचून सांगते? आणि मग शनिवारी छत्री घेऊन कोणत्या तोंडाने उभी राहू? माझ्याकडे दुसरं आहे काय, सिरिल? बन विकायचे दिवस गेले. लोक माझं ऐकतात, विश्वास ठेवतात."

सिरिलच्या ओठांवर आलं होतं की बाई, गावात कोणी विश्वास ठेवत नाही. खाटकापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यांना ते आवडतं. पण हे असं सांगायचं कसं? सांगावं की नाही? दिलासा म्हणून सांगायला जावं आणि नेमकं तेच वर्मी लागावं, असं त्याच्या बाबतीत आधी झालेलं होतं. तो म्हणाला, "पाणी उद्या उतरेल."

"उतरेल," ट्रँटरबाई म्हणाल्या आणि उठल्या.

चौकशी टाउन हॉलमध्ये होती. सरकारकडून आलेले निरीक्षक टक्कल पडलेले, सर्दी झालेले गृहस्थ होते आणि त्यांना घाई नव्हती. पेनरोज जोडपं पहिल्या ओळीत बसलं होतं, आणि त्यांची वकीलबाई तरुण, गोड आवाजाची. ओरडणारी असती तर बरं झालं असतं, असं सिरिलला वाटलं.

सिरिलची साक्ष लवकर आटोपली.

"तुम्ही या वाटेने चालत होतात?" वकीलबाईंनी विचारलं.

"हो."

"किती वेळा?"

"रोज."

"मिस्टर हॅलमना कधी विचारलंत?"

"मी कोणालाच काही विचारत नाही," सिरिल म्हणाला. लोक हसले. तो हसवण्यासाठी बोलला नव्हता. कान लाल करून तो जागेवर जाऊन बसला.

मग वकीलबाईंनी बर्मिंगहॅमच्या एका दंतवैद्याला बोलावलं. तो भला माणूस होता. दोनदा फेरीला येऊन गेला होता. त्याने अगदी कौतुकाने सांगितलं, की बागेपाशी मार्गदर्शक बाई आवाज खाली आणून 'हॅलम कुटुंबाच्या परवानगीने' म्हणाल्या, आणि आपल्याला ती रीत फार आवडली. "हल्ली एवढं सौजन्य कुठे राहिलंय," तो म्हणाला. सभागृहातल्या माणसांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढे त्याच्याकडे दात काढायला कोणी जाणार नाही हे नक्की.

आणि मग ट्रँटरबाई. त्यांनी निळा कोट घातला होता, तो सिरिलने पूर्वी पाहिलेला नव्हता. छत्री मात्र हातात तीच.

"हे शब्द तुमचे आहेत का, मिसेस ट्रँटर?" वकीलबाईंनी विचारलं.

"असतील."

"असतील की आहेत?"

"आहेत."

"म्हणजे मिस्टर हॅलमनी तुम्हाला परवानगी दिली होती."

"ते हात वर करायचे."

"परवानगी म्हणून?"

"मला काय ठाऊक? कधी हातात कप असायचा."

निरीक्षकांनी नाक पुसलं आणि मध्येच विचारलं, "मिस्टर हॅलम तुमच्याशी कधी बोलले होते का बाई?"

"'मॉर्निंग' म्हणायचे. एकदा म्हणाले, जिरेनियमवर मावा पडलाय."

"तुम्ही इथून जाऊ शकता, असं कधी म्हणाले?"

ट्रँटरबाईंनी सभागृहाकडे एकवार पाहिलं. सगळं गाव बसलं होतं. सिरिलने खाली बघितलं, आपल्याला बघून त्यांना अवघडायला नको म्हणून.

"नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नाही. मी विचारलंही नाही."

"मग 'परवानगीने' हे शब्द आले कुठून?" वकीलबाई म्हणाल्या.

"पबच्या खिडकीत राजा आला ना, तिथूनच."

"कोणता राजा?"

"ते शनिवारवर अवलंबून असतं," ट्रँटरबाई म्हणाल्या. "मी रचते, बाई. राजा रचला, रडणारा साधू रचला, सासूला बुडवणारा नावाडी रचला. हॅलमांची परवानगीही रचली. चांगलं दिसतं म्हणून. झालं तुमचं समाधान?"

कोणीतरी मागे हसू दाबलं. वकीलबाईंचा चेहरा बदलला नाही. त्यांनी अगदी हळुवारपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही लोकांना खोटं सांगता. मग आत्ता जे सांगताय ते खरं, हे आम्ही कशावरून मानायचं?"

ही गोष्ट ट्रँटरबाईंच्या ध्यानात आली नव्हती. सिरिलच्याही नव्हती. ग्वेन लॅथमनी डोळ्यांवरून चष्मा काढला. ट्रँटरबाईंनी छत्री टेबलावर ठेवून दिली.

"शनिवारी माझ्यामागे माणसं असतात," त्या म्हणाल्या. "माणसं असली की मी बोलते. गल्ल्यामागे उभी राहून तसं वळणच पडलं. पण बाकीचे सहा दिवस मी त्या वाटेने एकटी जायचे. माझा नवरा गेला तेव्हापासून. दुकानात प्रत्येक जण विचारायचा, कशा आहात, कशा आहात. बन बांधता बांधता सगळ्यांना उत्तर द्यायचं. म्हणून सुटी झाली की मी नदीवर जायचे. तिथे कोणी काही विचारायचं नाही." त्या थांबल्या. "हॅलमांची परवानगी मागायची तर त्यांच्याशी बोलावं लागलं असतं. मी तिथे जात होते तेच मुळी कोणाशी बोलायला लागू नये म्हणून."

वकीलबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "मला आणखी काही विचारायचं नाही."

सिरिलला वाटलं, मग बाकावर मी काय करत होतो? मीही तिथेच बसत होतो की. मग वाटलं, बहुधा मी काही विचारत नाही म्हणूनच बसू दिलं.

निकाल टपालाने यायचा होता आणि सरकारी टपाल आपल्या चालीने येतं. मधल्या शनिवारी ट्रँटरबाई जकातघराखाली उभ्या राहिल्या खऱ्या, पण त्यांनी छत्री उघडलीच नाही. पाहुण्यांबरोबर त्या दिवशी गावातलीही बरीच माणसं आली होती. बाई म्हणाल्या, "हे जकातघर. हा पूल, दगडी आहे. चला." पबपाशी म्हणाल्या, "हा पब. ही खिडकी." चर्चपाशी म्हणाल्या, "चर्च." फेरी अशी सरसर निघाली, की मागच्यांना धाप लागली.

"राजाचं काय झालं?" शेवटी स्टोक्सला राहवलं नाही.

"राजा नाही. कधीच नव्हता. टाउन हॉलमध्ये होतात ना तुम्ही?"

"होतो की. पण ते आम्हाला आधीपासूनच ठाऊक होतं."

ट्रँटरबाई थांबल्या. "काय ठाऊक होतं?"

"हेच, की तुम्ही पुड्या सोडता."

"तुम्हाला?"

"सगळ्यांना. माझी आई तर फक्त राजा बघायला यायची. तिने पैज लावली होती, एकदा तरी राणी निघेल म्हणून."

ट्रँटरबाईंनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाद्रीबाबा ढगांकडे बघू लागले. मग त्या सावकाश शेपटाकडे वळल्या.

"आणि तुम्हाला, सिरिल?"

"थोडंफार."

"थोडंफार म्हणजे?"

"सगळंच."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," सिरिल म्हणाला.

बाई बराच वेळ रागावून उभ्या होत्या. निदान त्यांना रागवायचं होतं. मग ओठांचा एक कोपरा हलला, त्यांनी फटकन छत्री उघडली, ती आभाळाकडे उंच धरली आणि माघारी पबकडे चालू लागल्या. "परत चला सगळे. खिडकीशी. माझ्या हातून मघाशी एक राहिलं. ॲन राणी इथे उतरली होती, दात दुखत होता तिचा."

स्टोक्सने टोपी काढली. "आईला सांगतो," तो म्हणाला.

उन्हाळा सरता सरता निकाल आला. वाट सगळ्यांची ठरली. फाटकाचं कुलूप निघालं, मग फाटकही निघालं, आणि 'सार्वजनिक पायवाट' लिहिलेला लाकडी हात नदीकडे बोट दाखवत उभा राहिला. पेनरोज मंडळींनी ते खिलाडूपणे घेतलं. खिडकीसमोर त्यांनी खांद्याएवढं कुंपण लावलं, म्हणजे अंडी निवांत उकडता येतील. एका शनिवारी मिस्टर पेनरोज स्वतःच फेरीच्या शेपटाला येऊन सिरिलच्या शेजारून चालू लागले. त्यांना विचारायचं होतं, की आपल्या घरात कोणी भूत वगैरे राहून गेलं आहे का. सिरिल म्हणाला, "बाईंना सांगून ठेवा. पुढच्या शनिवारपर्यंत होईल."

बागेपाशी आता ट्रँटरबाई परवानगीचं बोलत नसत. काहीच बोलत नसत. पण पाऊल आपोआप हळू पडे, आणि पुरुषांचे हात टोप्यांकडे जात. कुंपणावरून मिसेस पेनरोजचा साबणाने भिजलेला हात वर झालेला दिसे. ती परवानगी नव्हती, हे आता कायद्यानेच ठरलं होतं. त्यामुळे सगळ्यांना मोकळेपणाने उलट हात हलवता येई.

बाईंचा गुडघा काही सुधारला नाही. पण ती वाट सपाट आहे, पाण्याच्या कडेने जाते, त्यामुळे शेवटपर्यंत त्यांचं चालणं एक दिवसही चुकलं नाही. गेल्या त्या झोपेतच, मार्चच्या सुरुवातीला, कोणाला तसदी न देता. पाद्रीबाबांनी चर्चमध्ये त्यांच्याबद्दल बरंच सांगितलं. त्यातलं बरंचसं सिरिलला नवीन होतं. काही त्यांनी रचलेलंही असेल. बाईंना चाललं असतं.

सिरिलला त्यांच्यासोबतचा शेवटचा दिवस चांगला आठवतो, कारण त्या दिवशी विशेष काहीच घडलं नाही. गुरुवार होता. दोघं बंधाऱ्यापर्यंत जाऊन, बागेतून परत येऊन नावेच्या पायऱ्यांपाशी थांबले होते. तिथून बाई आपल्या हिरव्या दरवाज्याकडे वळत आणि तो पुलाकडे. ट्रँटरबाईंनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"उद्या मासळीवाल्याकडे जाणार आहात का?"

"जाईन म्हणतो."

"मग माझ्यासाठी कॉडचा एक तुकडा आणा. लहानच. आणि त्याला सांगा, कातडी राहू दे."

"सोलत नाही का तो?"

"सोलतो, म्हणून तर सांगतेय. विसराल तुम्ही."

"नाही विसरणार," सिरिल म्हणाला.